टेनिसचे प्रशिक्षण आणि खेळाडूचे स्वावलंबन

टेनिसच्या नियमपुस्तकात १ जानेवारी २०२५ पासून एक महत्त्वाचा बदल अमलात आला आहे. एकेरीच्या सामन्यात खेळाडूने कोर्टवर पाऊल ठेवल्यानंतर बाहेरून कोणाचाही सल्ला घेऊ नये, असा या खेळाचा जुना दंडक होता. डेव्हिस चषकासारख्या सांघिक स्पर्धेत कर्णधार कोर्टलगत खुर्ची टाकून बसे आणि खेळाडूशी बोलू शकत असे. परंतु तो अपवाद मानला जाई. आता आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या सुधारित नियमानुसार, स्पर्धेच्या नियामक संस्थेची मान्यता असेल तर, प्रशिक्षकाला आपल्या ठरलेल्या जागेवरून दोन गुणांच्या दरम्यान थोडक्यात सूचना देता येतात. महिलांच्या व्यावसायिक स्पर्धांत २००९ पासून सुमारे दशकभर प्रशिक्षकाला ठराविक वेळी कोर्टवर बोलावण्याची मुभा होती. पुरुषांच्या स्पर्धांत जुलै २०२२ पासून बाहेरून सूचना देण्यास प्रायोगिक परवानगी मिळाली. या प्रयोगांवर नव्या नियमाने शिक्कामोर्तब केले.

बदलाच्या समर्थनार्थ सांगितले जाणारे कारण व्यवहारी आहे. बंदी असतानाही सूचना दिल्या जातच होत्या. २०१८ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेतील महिलांच्या अंतिम सामन्यात पंच कार्लोस रामोस यांनी सेरेना विल्यम्सला याच कारणावरून ताकीद दिली. तेथून सुरू झालेला वाद विकोपाला गेला आणि नाओमी ओसाकाने ६-२, ६-४ असा मिळवलेला विजय त्या गदारोळात झाकोळला. आपण सूचना घेतल्याचा सेरेनाने इन्कार केला. तिचे प्रशिक्षक पॅट्रिक मुरातोग्लू यांनी मात्र आपण हातवारे केल्याचे सामन्यानंतर मान्य केले आणि सगळेच प्रशिक्षक असे करतात, अशी पुस्तीही जोडली. जो नियम सर्रास मोडला जातो आणि ज्याची शिक्षा एखाद्यालाच होते, तो कायम ठेवण्यापेक्षा रद्द करावा, हा युक्तिवाद चुकीचा म्हणता येणार नाही.

तथापि नियम बदलल्याने मूळ प्रश्न सुटला असे होत नाही. खेळाडू कोर्टवर असताना त्याला बाहेरून सांगण्याची गरज का भासावी, आणि सराव चालू असताना त्याला नेमके काय शिकवलेले असते, हा तो प्रश्न आहे. टेनिसच्या प्रशिक्षणाची तीन अंगे मानली जातात : फटक्यांचे तंत्र, सामन्यातील डावपेच आणि मनाची तयारी. यांपैकी पहिल्याची विक्री होते, दुसऱ्याची चर्चा होते आणि तिसरे दैवावर सोडले जाते, अशी आपल्याकडील सर्वसाधारण स्थिती आहे. तिन्ही अंगांचे शिक्षण एकत्र झाले तरच खेळाडू स्वतःच्या पायावर उभा राहतो. तसे झाले नाही, तर तो आयुष्यभर बाकावरच्या माणसाच्या तोंडाकडे पाहत राहतो.

तंत्राचे स्थान

तंत्राचे महत्त्व कोणी नाकारण्याचे कारण नाही. चेंडू रॅकेटच्या तारांवर टेकतो तो काळ सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागाइतका असतो. त्या क्षणी रॅकेटचे तोंड कोणत्या दिशेला आणि किती कलले आहे, यावरच फटक्याचे भवितव्य ठरते. सर्व्हिसमध्ये जमिनीला दिलेला रेटा गुडघे, कंबर, धड, खांदा, कोपर आणि मनगट या क्रमाने वर चढत जातो. या साखळीतील एक कडी निसटली की उरलेला सारा भार खांद्यावर पडतो आणि वयाच्या विशीतच दुखापती सुरू होतात. मुठीची पकड लहानपणी चुकीची बसली तर ती पुढे बदलणे अत्यंत कष्टाचे ठरते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ पासून दहा वर्षांखालील स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू बंद करून कमी दाबाचे लाल, नारिंगी आणि हिरवे चेंडू आणले. लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे ७५ टक्के, नारिंगी ५० टक्के आणि हिरवा २५ टक्के मंद असतो. चेंडू खांद्याच्या वर उसळला नाही, तर मुलाला पकड वेडीवाकडी करावी लागत नाही आणि आठव्या वर्षीही दहा-दहा फटक्यांची देवाणघेवाण करता येते. म्हणजे तंत्र शिकत असतानाच त्याला खेळाचा अर्थही उमगू लागतो. जेथे अजूनही सात वर्षांच्या मुलासमोर मोठ्यांचा चेंडू आणि मोठ्यांचे कोर्ट ठेवले जाते, तेथे चुकीच्या पकडीबद्दल त्या मुलाला रागावण्यात अर्थ नाही.

परंतु शुद्ध तंत्र एकच असते, हा समज टेनिसच्या इतिहासाने वारंवार खोटा ठरवला आहे. विम्बल्डनचे विजेतेपद १९७६ ते १९८० अशी सलग पाच वर्षे मिळवणारा बियाँ बोर्ग दोन्ही हातांनी बॅकहँड मारत असे आणि त्या फटक्यावर बर्फावरील हॉकीची छाप होती. रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ या दोन्ही वर्षी विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोहोचले. त्यांच्या सर्व्हिसमध्ये जोर नव्हता; त्यांचे बळ होते चेंडूच्या अचूक स्पर्शात आणि प्रतिस्पर्ध्याचा मनोदय ओळखण्यात. तंत्र हे साधन आहे आणि कोणत्या प्रसंगी कोणते साधन उचलावे, हा निर्णय खेळाडूचा आहे.

डावपेचांचे गणित

या निर्णयाचे शास्त्र म्हणजे डावपेच. त्याची सुरुवात कोर्टच्या मोजमापापासून होते. एकेरीचे कोर्ट २३.७७ मीटर लांब आणि ८.२३ मीटर रुंद असते. म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा तिरका कर्ण सरळ रेषेपेक्षा सुमारे १.३८ मीटरने अधिक भरतो. नेटची उंची खांबापाशी १.०७ मीटर, तर मध्यभागी ०.९१४ मीटर असते. तिरकस फटक्याला त्यामुळे अंतर जास्त मिळते आणि ओलांडायचा अडथळाही कमी उंचीचा असतो. चांगले खेळाडू बहुतेक चेंडू तिरकस का परतवतात आणि रेषेलगतचा सरळ फटका योग्य संधीसाठी का राखून ठेवतात, याचे उत्तर या चार आकड्यांत आहे. बारा वर्षांच्या मुलाला हे एका फळ्यावर दहा मिनिटांत समजावता येते. ते समजल्यावर तो ‘तिरकस मार’ या आज्ञेची वाट पाहत नाही.

दुसरे गणित गुणसंख्येचे आहे. रॉजर फेडररने जून २०२४ मध्ये डार्टमथ महाविद्यालयाच्या पदवीदान समारंभात स्वतःची आकडेवारी सांगितली होती. एकेरीचे १,५२६ सामने तो खेळला, त्यांतील जवळजवळ ८० टक्के त्याने जिंकले. पण एकूण गुणांपैकी त्याच्या वाट्याला आले अवघे ५४ टक्के. हे कोडे टेनिसच्या गुणपद्धतीत दडलेले आहे. प्रत्येक गुण जिंकण्याची शक्यता ५४ टक्के धरली, तर गेम जिंकण्याची शक्यता सुमारे ६० टक्के होते आणि सेट जिंकण्याची शक्यता तीन-चतुर्थांशाच्याही किंचित पुढे जाते. चक्रवाढ व्याजाप्रमाणे लहानशी आघाडी वाढत जाते. याचा व्यावहारिक अर्थ असा की, जगातील सर्वोत्तम खेळाडूही शंभरांतील ४६ गुण गमावतो. प्रत्येक गमावलेल्या गुणानंतर कपाळाला हात लावणाऱ्या मुलाला, आणि जाळीबाहेर उभ्या असलेल्या त्याच्या पालकांना, सर्वप्रथम हे गणित शिकवले पाहिजे.

तिसरा धडा अर्थशास्त्राने दिलेला आहे. मार्क वॉकर आणि जॉन वूडर्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात मोठ्या टेनिस सामन्यांतील सर्व्हिसच्या दिशेचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्व्हिस डावीकडे केली काय किंवा उजवीकडे केली काय, गुण जिंकण्याचे प्रमाण जवळपास सारखेच राहते, असे त्यांना आढळले. द्यूतसिद्धान्ताची अपेक्षाही तीच आहे. एका दिशेला अधिक लाभ असता, तर खेळाडू तिकडे वळला असता आणि प्रतिस्पर्धी सावध झाला असता. मात्र हे खेळाडू दिशा गरजेपेक्षा अधिक वेळा बदलत होते. एकदा डावीकडे, म्हणून आता उजवीकडे, ही मनाची सवय थोरांनाही सुटत नाही. आपल्या खेळातील असे साचे ओळखणे आणि प्रतिस्पर्ध्याच्या खेळातील साचे हेरणे, हे डावपेचांचे खरे शिक्षण होय.

ज्याला हे शिक्षण लाभले आहे तो अधिक ताकदवान प्रतिस्पर्ध्यालाही नमवू शकतो. १९७५ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात आर्थर ॲश गतविजेत्या जिमी कॉनर्ससमोर उभा राहिला, तेव्हा कॉनर्सचे पारडे सर्वांनाच जड वाटत होते. वेगवान चेंडूवर कॉनर्सचा खेळ फुलतो, हे ओळखून ॲशने आपला नेहमीचा आक्रमक खेळ बाजूला ठेवला. मंद आणि खाली राहणारे चेंडू त्याच्या फोरहँडवर टाकणे, सर्व्हिस बाजूला वळवून त्याला कोर्टबाहेर खेचणे आणि तो पुढे आला की डोक्यावरून लॉब मारणे, अशी योजना त्याने पाळली. ६-१, ६-१, ५-७, ६-४ असा तो जिंकला. योजना मित्रांशी विचारविनिमय करून आखलेली होती; पण तिसरा सेट हातचा गेल्यावर तिच्यावर विश्वास टिकवण्याचे काम ॲशला एकट्यालाच करावे लागले. बाजू बदलताना खुर्चीत डोळे मिटून शांत बसलेला ॲश प्रेक्षकांना दिसत होता. डावपेचांची हद्द संपून मनाची हद्द कोठे सुरू होते, हे त्या दृश्यात दिसते.

मनाची मशागत

दोन गुणांच्या दरम्यान खेळाडूला २५ सेकंद मिळतात आणि बाजू बदलताना ९० सेकंद. चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो त्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ खेळाडू आपल्या विचारांच्या सोबतीने घालवतो. असे असूनही सरावाच्या तासात या मोकळ्या वेळासाठी एक मिनिटही राखलेले नसते. या वेळात काय होऊ शकते, हे १९९३ च्या विम्बल्डनने दाखवले. स्टेफी ग्राफविरुद्धच्या अंतिम सामन्यात याना नोव्होत्ना निर्णायक सेटमध्ये ४-१ अशी आघाडीवर होती आणि पुढच्या गेममध्ये तिची सर्व्हिस ४०-३० वर होती. त्या गुणावर तिने डबल फॉल्ट केला आणि तेथून सलग पाच गेम गमावले. तंत्र तेच होते, डावपेच तेच होते. ढळले होते ते मन. पण त्याच नोव्होत्नाने पाच वर्षांनी, १९९८ मध्ये, विम्बल्डनचे विजेतेपद मिळवले, हे आवर्जून लक्षात ठेवले पाहिजे. मनाचा कणखरपणा जन्मजात असतो आणि ज्याच्याकडे नाही त्याने खेळ सोडावा, ही समजूत तिने खोडून काढली.

मनाची कौशल्ये शिकवता येतात, हा विचार आता पन्नास वर्षांचा झाला आहे. टिमथी गॅल्वे यांनी १९७४ मध्ये ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ या पुस्तकात तो मांडला. सतत आज्ञा देणारे आणि दोष काढणारे एक मन, आणि प्रत्यक्ष खेळणारे दुसरे मन, अशी विभागणी करून पहिल्याची बडबड कमी केली की दुसरे आपोआप चांगले खेळते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे जिम लोहर या मानसशास्त्रज्ञाने दोन गुणांच्या दरम्यानच्या वेळाची शिस्त आखून दिली. गुण संपताच पाठ वळवून चालणे, श्वास संथ करणे, पुढच्या गुणाची योजना ठरवणे आणि मगच सर्व्हिसच्या रेषेवर येणे, असा हा क्रम आहे. अलीकडच्या काळात पोलंडच्या इगा श्व्यांतेकने दारिया अब्रामोविच या मानसशास्त्रज्ञाला आपल्या पथकात कायमचे स्थान दिले. यांतील बराचसा भाग खर्चाचा नाही. सरावातच ३०-४० या गुणसंख्येपासून गेम सुरू करणे, हरणाऱ्याने कोर्टवर झाडू मारावा अशी छोटी पैज लावणे, सामना संपल्यावर मुलाकडून चार ओळी लिहून घेणे, या गोष्टी कोणत्याही गावात करता येतात. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत आणि सचिन तेंडुलकर बाद न होता खेळला तर ते त्याला देत, ही गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. त्या नाण्याने फलंदाजाचे तंत्र बदलले नसेल. पण सरावातील प्रत्येक चेंडूला सामन्यातल्या चेंडूची किंमत आली.

दिसते तेच विकले जाते

हे सारे इतके स्वस्त आणि सुलभ असताना ते का होत नाही? याचे उत्तर प्रशिक्षकांच्या अज्ञानात शोधणे अन्यायाचे होईल. ते प्रशिक्षणाच्या बाजारपेठेच्या रचनेत आहे. पालक तासाप्रमाणे किंवा महिन्याप्रमाणे शुल्क देतो. दिलेल्या पैशाचा मोबदला त्याला डोळ्यांनी दिसावा लागतो. टोपलीतून भराभर टाकलेले दोनशे चेंडू, घामाने भिजलेला मुलगा आणि दिवसेंदिवस देखणा होत जाणारा फोरहँड हे त्याला दिसते. ज्या दिवशी प्रशिक्षक मुलांना आपसांत खेळायला लावून बाजूला वही घेऊन बसतो, त्या दिवशी ‘आज काही शिकवलेच नाही’ अशी तक्रार येते. प्रशिक्षकही माणूस आहे. ज्या श्रमाची कदर होते तेच श्रम तो करणार. गुणवत्तेची माहिती ग्राहकाला नसते, तेव्हा बाजार दिखाऊ मालाकडे झुकतो, हा अर्थशास्त्राचा नियम टेनिसच्या कोर्टलाही लागू आहे.

या व्यवहाराचा आणखी एक दोष अधिक खोल आहे. विद्यार्थी जितका परावलंबी, तितके प्रशिक्षकाचे उत्पन्न सुरक्षित. तालमीतला वस्ताद शेवटचा डाव स्वतःपाशी राखून ठेवतो, असे आपल्याकडे कौतुकाने सांगितले जाते. कुस्तीच्या आख्यायिकेत ते शोभते. परंतु शिक्षणाच्या दृष्टीने पाहता तो मोठा तोटा आहे. जो गुरू शेवटचा डाव देत नाही, त्याच्यापाशी प्रत्येक पिढी थोडी थोडी घटत जाते.

नव्या नियमाचा भार कोणावर

या पार्श्वभूमीवर नव्या नियमाचे मोल जोखले पाहिजे. सामन्यात सल्ला देता येणार असेल, तर ज्याच्याजवळ प्रवासात सोबत येणारा प्रशिक्षक आहे त्याचा लाभ वाढतो. ज्याच्याजवळ नाही त्याचा तोटाही तितकाच वाढतो. खालच्या श्रेणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पहिल्या फेरीत हरणाऱ्याच्या हाती येणारी रक्कम प्रवासखर्चालाही पुरत नाही. सुमित नागलने सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या बँकेच्या खात्यात सुमारे ९०० युरो उरल्याचे जाहीरपणे सांगितले, तेव्हा तो देशाचा अव्वल एकेरी खेळाडू होता. चारच महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, त्याने ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेत मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरवले. १९८९ मध्ये रमेश कृष्णनने त्याच स्पर्धेत मॅट्स विलँडरला नमवल्यानंतर मोठ्या स्पर्धेतील एकेरीत मानांकित खेळाडूवर भारतीयाने मिळवलेला हा पहिलाच विजय होता. अव्वल खेळाडूची ही स्थिती, तर त्याच्या मागे असलेल्यांनी प्रशिक्षकाचे विमानभाडे कोठून आणावे? एकटेपणा हा टेनिसमधला एक समतेचा घटक होता. कोर्टवर उतरल्यानंतर धनिकाचा मुलगा आणि शिक्षकाची मुलगी यांना स्वतःच्या डोक्यावरच भिस्त ठेवावी लागे. तो घटक आता क्षीण झाला आहे.

यावर असे म्हटले जाईल की, बहुतेक सर्व खेळांत प्रशिक्षक बोलतो, मग टेनिसनेच सोवळे का पाळावे? व्यावसायिक स्पर्धांपुरता हा आक्षेप मान्य करता येईल. तेथे खेळाडू प्रौढ असतो आणि सल्ला घ्यावा की झुगारावा, हे तो ठरवू शकतो. दहा-बारा वर्षांच्या मुलांचे तसे नाही. प्रत्येक गुणानंतर जाळीकडे पाहणारा मुलगा हा आजही स्थानिक स्पर्धांत नेहमी दिसणारा प्रकार आहे. त्या पाहण्याला नियमाचे संरक्षण मिळाले, तर निर्णय घेण्याची शक्ती घडण्याच्या वयातच ती खुंटेल.

काय करता येईल

सुदैवाने नियमाने नियामक संस्थांना निवडीचा अधिकार दिला आहे. त्याचा उपयोग करून चौदा वर्षांखालील राज्य आणि जिल्हा स्पर्धांत बाहेरून सूचना देण्यास स्पष्ट मनाई ठेवावी आणि ती पंचांकडून खरोखरच पाळून घ्यावी. वरच्या वयोगटांत मुभा द्यायची असेल, तर ज्यांच्याजवळ स्वतःचा प्रशिक्षक नाही अशा खेळाडूंसाठी स्पर्धेच्या ठिकाणी संघटनेने आपल्या खर्चाने एक-दोन प्रशिक्षक नेमावेत. आंतरराष्ट्रीय दौऱ्यांवर चार-पाच खेळाडूंमागे एक सामाईक प्रशिक्षक पाठवणे हे प्रत्येकाला स्वतंत्र अनुदान देण्यापेक्षा कमी खर्चात अधिक फळ देणारे ठरेल. पुण्यात बालेवाडी येथे २०१८ ते २०२३ या काळात पुरुषांची व्यावसायिक जागतिक मालिकेतील स्पर्धा भरत होती. अशा भव्य आयोजनाला प्रायोजक मिळतात. मग त्यातील एक छोटा हिस्सा या कामासाठी का मागू नये?

प्रशिक्षकांच्या प्रमाणपत्राच्या परीक्षेतही बदल हवा. उमेदवाराने फोरहँड किती सुबक शिकवला एवढेच न पाहता, त्याच्या विद्यार्थ्याचा सामना समोर लावून त्यातील डावपेच त्याला वाचता येतात का, आणि सामन्यानंतर तो त्या मुलाशी काय व कसे बोलतो, हे पाहावे. क्लबांनीही शुल्काच्या तासांपैकी निदान एक-तृतीयांश वेळ गुण मोजून खेळण्यासाठी राखून ठेवल्याचे वेळापत्रकातच छापावे, म्हणजे पालकांचा गैरसमज होणार नाही. आणि पालकांनी एक पथ्य पाळावे. सामन्याहून परतणाऱ्या मुलाला ‘जिंकलास का?’ याआधी ‘आज समोरच्याचा कोणता फटका कच्चा होता?’ असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर देता येणारी मुले जिल्ह्याजिल्ह्यांत तयार होऊ लागली, तर बाहेरून बोलण्याची मुभा असली काय किंवा नसली काय, त्याने त्यांचे फारसे बिघडणार नाही.